प्लीहा वाढली, पेशी घटल्या : दमदमच्या तापापासून केसाळ पेशींपर्यंत

कोलकात्याहून हुगळीच्या काठाने उत्तरेकडे निघाले की बराकपूर लागते. मराठी वाचकाला हे गाव ठाऊक असते ते मंगल पांडे यांच्यामुळे. २९ मार्च १८५७ चा तो प्रसंग इथल्याच छावणीत घडला. त्याच छावणीच्या नदीकाठच्या बागेत शार्लट कॅनिंग या व्हाइसरॉयच्या पत्नीला पुरलेले आहे. दार्जिलिंगहून परतताना तराईच्या जंगलात तिला ताप भरला आणि १८ नोव्हेंबर १८६१ रोजी तिचा अंत झाला. बराकपूर उपविभागाच्या दक्षिण टोकाला दमदम आहे. आज ते नाव विमानतळामुळे आणि एका कुप्रसिद्ध बंदुकीच्या गोळीमुळे ओळखले जाते. पण एके काळी वैद्यकाच्या ग्रंथांत 'दमदमचा ताप' असा स्वतंत्र शब्द होता. महिनोन्महिने रेंगाळणारा ताप, काटकुळे हातपाय आणि डाव्या बरगडीखालून बेंबीकडे उतरत आलेली प्लीहा, हे त्याचे रूप.

या लेखाचा विषय रक्ताच्या कर्करोगाचा एक दुर्मीळ प्रकार आहे. तरीही आरंभ तापापासून करावा लागतो. वाढलेली प्लीहा पाहून बंगालच्या डॉक्टरांनी जो आडाखा बांधला, तो बव्हंशी अचूक होता; मात्र ज्या एका ल्युकेमियाने त्याला चकवले, तो नेमका तापाच्याच वेषात येणारा निघाला.

प्लीहेला आपल्याकडे पाणथरी म्हणतात. निरोगी माणसात ती डाव्या बरगड्यांच्या आड दडलेली असते आणि हाताला लागत नाही. बंगालमध्ये ती इतक्या जणांच्या हाताला लागे की कलकत्त्याच्या जनरल हॉस्पिटलमधील विल्यम ट्वायनिंग यांनी १८२८ साली तेवढ्याच विषयावर निबंध लिहिला आणि १८३२ च्या आपल्या 'बंगालमधील महत्त्वाचे रोग' या आशयाच्या ग्रंथातही प्लीहेची सविस्तर दखल घेतली. वाढलेली प्लीहा ठिसूळ असते, किरकोळ माराने फुटते. या वैद्यकीय सत्याचा उपयोग पुढे न्यायालयात कसा झाला, हा प्रसंग विषयाला थोडा सोडून असला तरी सांगण्याजोगा आहे. आग्र्याच्या फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारले आणि तो मेला. प्लीहा फुटून मेला, ती आधीच वाढलेली होती, असे म्हणून मॅजिस्ट्रेटने वकिलाला ३० रुपये दंड केला. १८७६ साली लॉर्ड लिटन यांनी या निकालावर नापसंतीचा शेरा लिहिला तेव्हा अँग्लो-इंडियन वृत्तपत्रे उलट लिटन यांच्यावरच तुटून पडली. देशी माणसाची प्लीहा वाढलेलीच असायची, हे गृहीतक तेव्हा किती खोल रुजले होते ते यावरून दिसते. जे सर्वांचेच असते त्याचे कारण कोणी विचारत नाही. आणि कारण विचारले नाही की त्या गर्दीत वेगळा रोग सहज हरवतो.

वेगळा रोग म्हणजे काय, हे तोवर युरोपात उलगडू लागले होते. १८४५ च्या फेब्रुवारीत एडिनबरोच्या इन्फर्मरीत छपरांवर पाटीच्या दगडांची कौले बसवणारा २८ वर्षांचा एक कामगार दाखल झाला. जॉन ह्यूज बेनेट यांनी त्याची हकीकत लिहून ठेवली आहे, आणि ती आजच्या विद्यार्थ्यानेही वाचावी अशी आहे. माणूस एरवी धडधाकट आणि निर्व्यसनी. वीस महिन्यांपूर्वी श्रम केले की विलक्षण गळाठा येऊ लागला आणि तो गेलाच नाही. गेल्या जूनमध्ये पोटाच्या डाव्या बाजूस गोळा जाणवला. तो वाढत गेला आणि चार महिन्यांपूर्वी वाढायचा थांबला. १५ मार्चला तो मरण पावला. शवविच्छेदनात त्याचे रक्त पुवासारखे दिसले, आणि बेनेट यांनी मृत्यूचे कारण 'रक्तात झालेला पू' असे दिले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी पन्नाशीच्या एका स्वयंपाकिणीच्या शवात तसेच रक्त पाहिले. मात्र त्यांनी त्याला पू म्हटले नाही. नुसते 'पांढरे रक्त' म्हटले, आणि दोन वर्षांनी त्यालाच ग्रीक शब्दांतून 'ल्युकेमिया' हे नाव दिले. पहिला शोध कोणाचा, यावर पुढे बराच वाद झाला. माझ्या मते फिरखो यांचे श्रेय शोधापेक्षा संयमात आहे. जे दिसले तेवढ्यालाच त्यांनी नाव दिले. कारणाची घाई केली नाही.

या पहिल्या ल्युकेमियांतून एक सोपे सूत्र निघाले : प्लीहा मोठी आणि रक्तात पांढऱ्या पेशींचा पूर. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारण ४ ते ११ हजार असतात. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियात त्या लाखावर जाऊ शकतात. १८८० च्या सुमारास पॉल एर्लिख यांनी पेशी रंगवण्याची रीत दाखवली, पेशी मोजण्याच्या आखलेल्या काचा आल्या, आणि रोग जिवंत माणसाच्या बोटातल्या थेंबातून ओळखता येऊ लागला.

इकडे बंगाल-आसामात काळा आजार गावेच्या गावे रिकामी करत होता. तो नेमका काय, याविषयी शासनाने नेमलेले तज्ज्ञही फसले. १८९० मध्ये जॉर्ज जाइल्स यांनी त्याचा दोष आतड्यांतील अंकुशकृमींना दिला. लिओनार्ड रॉजर्स आणि रोनाल्ड रॉस या दोघांनी त्याला हिवतापाचेच तीव्र रूप मानले. डासातला हिवतापाचा परजीवी ज्याने शोधला, त्यालाही दुसरा रोग हिवतापच वाटला! पण या रुग्णांना कोयनेल लागू पडत नव्हते, ही तक्रार प्रत्येक दवाखान्यातून येत होती.

उकल झाली ती दमदमच्या एका सैनिकामुळे. तापाने जर्जर होऊन तो मायदेशी परतला आणि इंग्लंडमधील नेटली येथील लष्करी रुग्णालयात वारला. नोव्हेंबर १९०० मध्ये विल्यम लीशमन यांना त्याच्या प्लीहेत बारीक गोलसर कण दिसले. ते त्यांनी मे १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. जुलैत मद्रासच्या चार्ल्स डोनोव्हन यांनी तेच कण आपल्या रुग्णांतही असल्याचे कळवले. आणि वर्ष संपण्याआधी रॉस यांनी त्या परजीवीला दोघांचीही नावे दिली, लीशमानिया डोनोव्हानी. १९०४ साली रॉजर्स यांनी कलकत्त्यात प्लीहेतल्या रक्ताचे संवर्धन करून त्या कणांना शेपूट फुटल्याचे दाखवले. पूर्वी ज्याने चूक केली त्यानेच ती सुधारली, हे रॉजर्स यांच्या पदरी मांडावे लागेल.

आपल्या विषयासाठी रॉजर्स यांचे दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे आहे. काळ्या आजारात पांढऱ्या पेशी घटतात. तांबड्याही घटतात, पण पांढऱ्या त्यांच्या मानाने कितीतरी अधिक. म्हणजे प्लीहा सारखीच मोठी असलेल्या दोन रोग्यांमध्ये एकाच्या थेंबात पांढऱ्या पेशींचा पूर, तर दुसऱ्याच्या थेंबात दुष्काळ. पहिला ल्युकेमिया, दुसरा काळा आजार. या मोजणीवर जीव अवलंबून असे. काळ्या आजाराची खात्री करण्यासाठी प्लीहेत सुई घालून थेंबभर रस काढत. रोग ल्युकेमिया असेल तर त्याच सुईने आत रक्तस्राव होऊन रोगी दगावण्याची भीती असे. म्हणून सुईआधी रक्त मोजा आणि ल्युकेमिया नाही याची खात्री करा, असा दंडक उष्णकटिबंधीय वैद्यकात रुळला. पेशी कमी दिसल्या की डॉक्टर निर्धास्त होई.

पुढचा काळ कलकत्त्याच्या अभिमानाचा. कॅम्पबेल रुग्णालयातील उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी एका लहानशा खोलीत, जिथे ना गॅस होता ना पाण्याचा नळ, कंदिलाच्या उजेडात काम करून १९२० साली युरिया स्टिबामाइन हे अँटिमनीचे संयुग बनवले. ज्या रोगात बहुतेक रुग्ण मरत, त्यात बहुतेक जगू लागले. रॉजर्स यांच्या खटपटीतून उभ्या राहिलेल्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये लायोनेल नेपियर यांनी एक सोपी चाचणी आणली : रुग्णाच्या रक्तद्रवात फॉर्मॅलिनचा थेंब टाकायचा, काही मिनिटांत तो उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा घट्ट आणि अपारदर्शक झाला तर काळा आजार. चाचणी स्वस्त होती, खेड्यात चालणारी होती. पण ती परजीवीला ओळखत नसे. रक्तात ग्लोब्युलिन प्रथिने फार वाढली की घट्टपणा येई, मग ती कशानेही वाढोत.

अशा रीतीने विसाव्या शतकाच्या मध्याला बंगालच्या डॉक्टरापाशी भक्कम आडाखा होता. मोठी प्लीहा, ताप, घटलेल्या पेशी : काळा आजार. औषध द्या. उतार पडला तर निदान खरे. आणि उतार पडला नाही तर? तर 'प्लीहाजन्य पांडुरोग' नावाचे एक मोठे गाठोडे होते. ज्यांचे काही कळत नाही असे रुग्ण त्यात टाकले जात, आणि ही रीत काही एकट्या बंगालची नव्हती.

त्या गाठोड्यातून एक रोग बाहेर काढला तो बर्था बूरोंक्ल यांनी. पेरू देशात जन्मलेल्या या डॉक्टर अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठात रक्तविज्ञानाचे काम करत. १९५८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २६ रुग्णांची माहिती एकत्र प्रसिद्ध केली. प्रौढ माणसे, मोठी प्लीहा, तांबड्या, पांढऱ्या पेशी आणि बिंबिका असे तिन्ही घटक कमी. आणि रक्तात तुरळक अशा काही पेशी, ज्यांच्या कडा सरळ नव्हत्या. जिवंत पेशी विशिष्ट भिंगाखाली पाहिल्या तर त्यांच्या कडेला चहूबाजूंनी बारीक तंतू दिसत. १९६६ मध्ये श्रेक आणि डॉनेली यांनी त्यांना 'केसाळ' म्हटले, आणि हेअरी सेल ल्युकेमिया हे नाव रूढ झाले. हा बी-लसिकापेशींचा, संथ चालीचा कर्करोग. सर्व ल्युकेमियांत त्याचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास. १९५८ पूर्वी तो नव्हता असे मानण्याचे कारण नाही. नाव नव्हते, इतकेच. हुगळीकाठीही असा एखादा रुग्ण अँटिमनीची इंजेक्शने घेऊन, गुण न येता, घरी परतला असणार, हा माझा तर्क आहे; पण तो फार धाडसी आहे असे मला वाटत नाही.

पेशींचा पूर म्हणजे ल्युकेमिया, हा आडाखा इथे कोसळतो. या ल्युकेमियात बहुधा पूर नसतोच. केसाळ पेशी अस्थिमज्जेत आणि प्लीहेत ठाण मांडून बसतात. मज्जेत नव्या पेशी घडायला जागा उरत नाही, आणि घडलेल्या पेशी फुगलेल्या प्लीहेत अडकतात. रक्तात त्यामुळे दुष्काळच दिसतो, अगदी रॉजर्स यांनी काळ्या आजारात पाहिला तसा.

मग वेगळेपण शोधायचे कुठे? रुग्णाच्या हकीकतीत. समजा, बराकपूरजवळच्या तागाच्या गिरणीतला पंचावन्न वर्षांचा एक कामगार बाह्यरुग्ण विभागात आला आहे. (हा माणूस काल्पनिक आहे.) वय आणि लिंग इथेच पहिली खूण देतात : हा रोग मुलांचा नाही, मध्यम व उतारवयाचा आहे, आणि स्त्रियांच्या सुमारे चौपट पुरुषांना होतो. काळा आजार मुलांनाही धरतो, आणि एकाच घरातल्या दोघातिघांना धरतो. म्हणून घरात, शेजारी कोणाला असा ताप आला होता का, राहणे उत्तर बिहार वा उत्तर बंगालच्या गावात मातीच्या घरात, गोठ्याशेजारी होते का, हे विचारायचे. ताप कसा आहे? काळ्या आजारात तो आठवडेच्या आठवडे असतो, दिवसातून दोनदाही चढतो, आणि नवल म्हणजे तापात भूक टिकून राहते, कातडी काळवंडते. केसाळ पेशींच्या रोगात ताप हा मूळ रोगाचा क्वचितच असतो. तो आला तर दुसरा कुठला तरी संसर्ग शोधावा लागतो. रुग्ण सांगतो ते वेगळेच असते : चार घास खाल्ले की पोट भरते, डावीकडे जडपणा आहे. जिना चढताना दम लागतो. वर्षभरात छातीचा संसर्ग तीनदा झाला. दात घासताना रक्त येते, कुठे आपटल्याचे आठवत नसता अंगावर निळे डाग उठतात. आणि काही जण काहीच सांगत नाहीत. दुसऱ्या कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत आकडे घसरलेले आढळतात. तपासताना प्लीहा मोठी लागते, मात्र मान, काख व जांघेतल्या गाठी सहसा लागत नाहीत. पूर्वीच्या व्यवसायाचीही चौकशी करावी. व्हिएतनाममध्ये पानगळ घडवणारी रसायने ज्यांच्या वाट्याला आली अशा सैनिकांतील या रोगाला अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने २०१० साली सेवाजन्य मानले.

आणखी एक सापळा आहे, भारतात तर तो विशेष. या रोगात मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात, आणि मोनोसाइट हे क्षयासारख्या जंतूंशी लढणारे शिपाई. त्यामुळे क्षयकुलातल्या जंतूंचा संसर्ग या रुग्णांना खरोखरच होऊ शकतो. डॉक्टर क्षय शोधतो, क्षय सापडतो, औषधे सुरू होतात, आणि त्यामागे दडलेला रोग तसाच राहतो. खरे निदान झाल्याचे समाधान पुढचा प्रश्न विचारू देत नाही, म्हणून मला हा सापळा साध्या चुकीपेक्षा अवघड वाटतो.

मज्जेची तपासणीही सहज वश होत नाही. सुईने मज्जा ओढायला गेले तर सुई कोरडी येते, कारण केसाळ पेशींभोवती तंतूंचे जाळे विणले गेलेले असते. शिकाऊ डॉक्टरला वाटते, आपला हात चुकला. वस्तुतः कोरडी सुई हाही एक निष्कर्षच आहे. मग हाडाचा बारीक तुकडा काढून तपासावा लागतो. ओळख पक्की करणारी पहिली रासायनिक खूण १९७१ साली मिळाली. पेशींतल्या एका विकराचे काम टार्ट्रेट या क्षाराने सहसा थांबते. केसाळ पेशींतला विकर मात्र टार्ट्रेटला दाद देत नाही. टार्ट्रेट म्हणजे आपल्या चिंचेत असलेल्या टार्टारिक आम्लाचाच क्षार. २०११ मध्ये इटलीतील पेरुजा येथील त्याच्ची, फालिनी आणि सहकाऱ्यांनी या रोगाचे जनुकीय मूळ दाखवले : बीआरएएफ जनुकातला एकच ठरावीक बदल, जो त्यांनी पुढे तपासलेल्या सर्व ४७ रुग्णांत आढळला. एका कर्करोगामागे इतका एकसारखा बदल सापडणे विरळाच.

निदानासाठी एवढा आटापिटा कशासाठी, याचे उत्तर १९९० साली कॅलिफोर्नियातून आले. क्लॅड्रिबिन हे औषध सलग सात दिवस शिरेतून दिल्यावर १२ पैकी ११ रुग्णांत रोगाचा मागमूस उरला नाही. तोवर प्लीहा काढून टाकणे आणि १९८४ नंतर इंटरफेरॉन, असे उपाय हाती होते. रोग काहींत वर्षांनी उलटतो, तेव्हा तेच औषध पुन्हा देता येते. ल्युकेमिया या शब्दाने घर हादरते. पण या एका ल्युकेमियाच्या रुग्णाला योग्य निदानानंतर पुढची अनेक वर्षे सामान्य आयुष्य मिळू शकते. उलट निदान चुकले तर तो बहुधा कर्करोगाने नव्हे, संसर्गाने जातो, आणि मृत्यूच्या कारणात ल्युकेमियाचे नावही येत नाही. औषध देतानाही संसर्ग आधी आटोक्यात आणावा लागतो, कारण क्लॅड्रिबिन उरलीसुरली प्रतिकारशक्ती काही काळ आणखी खाली नेते.

काळा आजार आता ओसरला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बांगलादेशाने त्याचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उच्चाटन केल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. भारतातही त्याच वर्षी बाधित तालुक्यांतील प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. नेपियर यांच्या फॉर्मॅलिनच्या थेंबाची जागा बोटातल्या रक्तावर चालणाऱ्या आरके-३९ पट्टीने घेतली आहे. पट्टीवर दुसरी रेघ उमटली नाही, मोठी प्लीहा मात्र आहे, असा रुग्ण आता अधिक वेळा समोर येईल.

अशा वेळी रक्ताचा छापील अहवाल बारकाईने वाचावा लागतो. पेशी मोजणारे यंत्र केसाळ पेशींना कधी कधी मोनोसाइट समजून त्या रकान्यात घालते आणि आकडा निर्दोष दिसतो. म्हणून कसलेला रोगनिदानतज्ज्ञ यंत्राचा आकडा बाजूला ठेवून काच स्वतः भिंगाखाली घेतो, मोनोसाइट खरोखर आहेत का ते शोधतो, आणि मग थेंबाच्या पातळ टोकाकडे सरकत एकेका पेशीची कडा पाहू लागतो.